काढा आणि यकृत : एका प्रश्नाचा इतिहास

यकृताचे आजार म्हटले की आपल्याला दारू आठवते, दूषित पाण्याची कावीळ आठवते. काढा आठवत नाही. आज त्याचाच इतिहास थोडक्यात पाहू.

सुरुवात करू जमैकापासून. १९५० च्या सुमाराला तिथल्या डॉक्टरांना गरीब घरांतली काही मुलं एका विशिष्ट अवस्थेत दिसू लागली. यकृत मोठं झालेलं, पोट पाण्याने फुगलेलं. मुलांना दारूचा प्रश्नच नव्हता. १९५४ साली ब्रास, जेलिफ आणि स्टुअर्ट या तिघांनी या आजाराचं सविस्तर वर्णन प्रसिद्ध केलं. यकृतातून रक्त बाहेर नेणाऱ्या बारीक शिरा आतून बुजत होत्या. वाट बंद झाली, रक्त मागे तुंबलं, म्हणून पोटात पाणी.

पण शिरा बुजत का होत्या? संशय गेला 'बुश टी'वर. बुश टी म्हणजे रानातल्या पाल्याचा काढा. तो औषध म्हणूनही घेत आणि रोजचं पेय म्हणूनही. म्हणजे 'मुलाला काही औषध दिलं का?' असं विचारलं, तर आई 'नाही' म्हणणार आणि त्यात खोटं काहीच नसणार! 'काय प्यायला दिलं?' असंच विचारायला हवं होतं.

त्या पाल्यात क्रोटोलारिया कुळातली झाडं असत. हे नाव परकं वाटेल, पण याच कुळातल्या झाडांना आपण खुळखुळा म्हणतो, शेंग वाजते म्हणून. त्यांतल्या अनेकांमध्ये पायरोलिझिडीन अल्कलॉइड नावाची द्रव्यं असतात. गंमत बघा, ही द्रव्यं मुळात तितकी घातक नसतात. यकृत त्यांच्यावर प्रक्रिया करतं आणि त्यातूनच विष तयार होतं. आतड्यातून शोषलेलं बहुतेक सगळं आधी यकृताकडे जातं, त्यामुळे पहिला मारही त्यालाच बसतो.

गुरांच्या डॉक्टरांना अशा वनस्पतींची ओळख आधीच होती. कॅनडातल्या नोव्हा स्कॉशियात गुरांच्या यकृताचा आजार रानातल्या अशाच एका झाडामुळे होतो, हे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कळलं होतं. माणसांच्या बाबतीत उशीर झाला. आपल्याकडे सरगुजा जिल्ह्यात, म्हणजे तेव्हाच्या मध्य प्रदेशात, १९७० च्या दशकात हाच आजार साथीसारखा आला. तिथे काढा नव्हता. खुळखुळ्याच्या कुळातलं बी गोंदली या भरडधान्यात मिसळलं होतं.

आता जरा युरोपात जाऊ. जर्मँडर ही तिथली शतकानुशतकं वापरातली वनस्पती. 'इतकी वर्षं लोक घेतात, कुणाला काही झालं नाही' हा युक्तिवाद तिला तंतोतंत लागू होता. १९८० च्या दशकात फ्रान्समध्ये वजन कमी करण्यासाठी तिच्या कॅप्सूल खपू लागल्या आणि हिपॅटायटिसचे रुग्ण पुढे आले. काहींनी ती बंद केल्यावर त्यांना बरं वाटलं, पुन्हा सुरू केल्यावर आजार परतला. १९९२ साली विक्री थांबवली गेली. परंपरा जुनी होती, पण कॅप्सूल, मात्रा आणि घेणारे लोक नवे होते. शिवाय हजारात एखाद्याला होणारा त्रास गावातल्या अनुभवात दिसतच नाही. तो मोजावा लागतो.

आणि आता आपलं मुंबई. कोविडच्या काळात घरोघरी गुळवेलीचा काढा सुरू झाला. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात मुंबईत गुळवेल घेतलेल्या सहा जणांच्या यकृताला इजा झाल्याचं डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलं. आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला की वनस्पती नेमकी गुळवेलच होती का, हे तपासलेलं नाही. दिसायला तशीच दुसरी वेल असू शकते. आक्षेप रास्त होता, पण त्यातून ग्राहकाला दिलासा काय मिळाला? बाजारातून आणलेली वेल कोणती, हे त्याने कसं ओळखायचं? पुढे देशातल्या १३ केंद्रांमधून अशा ४३ रुग्णांची नोंद प्रसिद्ध झाली. त्यांतल्या बऱ्याच जणांमध्ये स्वतःच्याच यकृतावर प्रतिकारशक्तीने हल्ला केल्याच्या खुणा होत्या. प्रतिकारशक्ती वाढवायला घेतलेला काढा, आणि हे!

याचा अर्थ सगळे काढे वाईट, असा नाही. पॅरासिटामॉल जास्त घेतली तरी यकृत निकामी होतं. फरक इतकाच की ती गोळी आपण औषध म्हणून मोजतो, काढा मोजत नाही. त्यामुळे डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, तर काढा, चूर्ण, कॅप्सूल आधी थांबवा आणि डबा घेऊनच डॉक्टरांकडे जा. त्यांनी विचारलं नाही, तरी आपण सांगा.