भिंतीवर कोड लावा, पण मागे खरा इतिहास ठेवा

परवा लेकीच्या कामासाठी पुणे विद्यापीठात गेलो होतो. मुख्य इमारतीसमोर पोरं सेल्फी काढत होती. एकाला विचारलं, "आधी इथं काय होतं रे?"

"कॉलेजच असेल की काका!"

मित्रांनो, हा मुंबईच्या गव्हर्नरचा बंगला. २२ जून १८९७ ला व्हिक्टोरिया राणीच्या राज्याचा हीरकमहोत्सव इथंच झाला. प्लेगमध्ये घराघरात सोल्जर घुसवणारा रँड इथून परतताना दामोदर चापेकरांनी त्याला गोळी घातली. विद्यापीठ आलं १९४९ मध्ये.

अशा प्रत्येक इमारतीवर क्यूआर कोड हवा. मोबाईल तर सगळ्यांच्या खिशात आहे. पण कोडमागे नुसती गव्हर्नरांची नावं नकोत. प्लेग, झडत्या, चापेकर सगळं लिहा.

आपल्या गावच्या जुन्या शाळेपासून सुरुवात करायची का? बोला.