हिंदुराव, जिवाजीराव आणि एक साधा प्रश्न

आजच्या भागात दोन मराठी सिनेमे आणि एक जुना प्रश्न. नेता काम करतोय ना, मग बाकीचं कशाला बघायचं?

आधी थोडी पार्श्वभूमी. १९६० साली महाराष्ट्र राज्य झालं, १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्या. सहकारी साखर कारखान्यांची सुरुवात त्याआधीच झाली होती. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांनी शेतकऱ्यांच्या मालकीचा कारखाना उभा केला होता. कल्पना भारीच होती, सावकार आणि खासगी कारखानदारापासून सुटका. पण कारखाना, बँक, दूध संघ आणि जिल्हा परिषद एकाच माणसाच्या हातात गेली की त्याला जाब कोण विचारणार?

इथे येतो 'सामना'. दिग्दर्शक जब्बार पटेल, लेखक विजय तेंडुलकर. १९७५ मध्ये बर्लिन महोत्सवाच्या स्पर्धेत गेलेला सिनेमा. निळू फुलेंचा हिंदुराव धोंडे पाटील हा साखरसम्राट. गंमत म्हणजे तो नुसता खलनायक नाही. त्याने खरंच काही उभं केलंय, लोकांच्या हाताला काम दिलंय. त्याच्यासमोर श्रीराम लागूंचे मास्तर. दारूच्या आहारी गेलेले, खिशात दमडी नाही, पद तर नाहीच. मास्तरांकडे फक्त एक प्रश्न आहे: मारुती कांबळे नावाच्या माणसाचं पुढे झालं काय?

हिंदुरावाचा हिशेब सरळ आहे. एवढा विकास केला, त्यात एखादा माणूस गेला तर काय बिघडलं? मास्तरांना हा हिशेबच मान्य नाही. शंभर जणांना रोजगार दिल्याने एका खुनाची वजाबाकी होत नाही. ही दोन वेगळी खाती आहेत.

आता पुढे या. आणीबाणी येऊन गेली. १९७८ च्या जुलैमध्ये शरद पवार बाहेर पडले, वसंतदादा पाटलांचं सरकार कोसळलं आणि पवार मुख्यमंत्री झाले. पुढच्याच वर्षी जब्बार पटेलांचा 'सिंहासन' आला. तो त्या घटनेवर बेतलेला नाही बरं का, अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्यांवर आहे आणि त्या आधीच लिहिल्या होत्या. म्हणजे हवेत काय आहे ते लेखकाला आधीच दिसत होतं.

यात अरुण सरनाईक मुख्यमंत्री जिवाजीराव आहेत. खुर्ची खेचायला टपलेले अर्थमंत्री विश्वासराव दाभाडे म्हणजे श्रीराम लागू. आणि सगळं बघणारा पत्रकार दिगू टिपणीस म्हणजे निळू फुले! चार-पाच वर्षांत दोघांच्या जागा बदलल्या. प्रश्न विचारणारा चेहरा सत्तेच्या मागे लागला आणि सत्तेचा चेहरा हताश प्रेक्षक झाला.

माझ्या मते खरा फरक इथे आहे. हिंदुराव गुन्हेगार आहे, पण प्रश्न त्याला टोचतो. आत कुठेतरी लाज शिल्लक आहे, म्हणून तर शेवटी तो गुन्हा कबूल करतो. जिवाजीरावांनी कुणाचा खून केलेला नाही. ते हुशार आहेत, शांत आहेत, गोड बोलतात. पण त्यांचं सगळं डोकं एकाच कामाला लागलंय, खुर्ची टिकवणं. तिथे दिगूला सगळं माहीत असूनही काहीच हलत नाही. शेवटी त्याचाच तोल जातो.

म्हणून नेता नैतिक आहे की नाही हे ओळखायला त्याची भाषणं किंवा नुसती कामांची यादी पुरत नाही. अडचणीचा प्रश्न विचारणाऱ्याचं पुढे काय होतं ते बघा. हे मंत्रालयालाच नाही, कॉलेजच्या गॅदरिंग कमिटीला, सोसायटीच्या चेअरमनला आणि ऑफिसमधल्या टीम लीडलासुद्धा लागू आहे. 'रिझल्ट देतोय ना, मग सोड' असं आपण म्हणतो, तेव्हा हिंदुरावाचाच हिशेब मान्य करत असतो.

दोन्ही सिनेमे याच क्रमाने बघा, आधी 'सामना', मग 'सिंहासन'. आणि बघून झाल्यावर सांगा, तुमच्या ग्रुपमध्ये मास्तर कोण आहे? भेटू पुढच्या भागात.