मुलाच्या नावावर

सतरा वर्षांच्या मुलीने लग्नाचे व्हिडिओ एडिट करून पैसे कमावले, तर आयकर कायद्याच्या नजरेत ते तिचे. तेच पैसे तिने बँकेत एफडीत ठेवले, की व्याज मात्र आईच्या किंवा बाबांच्या उत्पन्नात धरायचं. ज्याची कमाई जास्त, त्याच्या. हा नियम मला विचित्र वाटला, म्हणून जुने कायदे चाळले. तो मुलांकडे बघून लिहिलेलाच नाही. तो बापांकडे बघून लिहिलाय.

उत्पन्न वाढलं की कराचा दर चढतो. त्यामुळे व्यापाऱ्यांना सोपी युक्ती सुचली होती: बायकोला भागीदार करायचं, शाळकरी मुलालाही नफ्यात वाटेकरी करायचं. गल्ला एकच, पण कागदावर तो चार जणांत वाटला की प्रत्येकाचा वाटा खालच्या दरात बसतो. 1936 च्या आयकर चौकशी अहवालाने हे हेरलं. 1937 मध्ये कलम 16(3) आलं आणि बापाच्या पेढीतला अज्ञान मुलाचा नफा बापाच्या उत्पन्नात मिळवला जाऊ लागला. ('अज्ञान' म्हणजे कायद्याच्या मराठीत अठराच्या आतला. शब्द वाचून राग येतो, पण तोच आहे.)

या कलमाला आव्हान देणारा एक गाजलेला खटला आपल्या अकोल्याच्या आयकर अधिकाऱ्याविरुद्धचा. दुसऱ्याच्या उत्पन्नावरचा कर मी का भरू, असा त्यातला सवाल. 1961 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला: करचुकवेगिरी रोखायला असा कायदा करता येतो.

तरी फट उरलीच. बापाने मुलाला दिलेल्या पैशांचं व्याज बापाकडे धरलं जाई, मामाने दिलेल्याचं नाही. चेलय्या समितीच्या शिफारशीनंतर 1992 च्या अर्थसंकल्पात मनमोहन सिंगांनी ती बुजवली. कलम 64(1अ) नुसार मुलाचं जवळजवळ सगळंच उत्पन्न पालकाकडे गेलं. प्रत्येक मुलामागे सूट वर्षाला 1,500 रुपये. तीन दशकं उलटली तरी आकडा तोच राहिला, आणि नव्या कर प्रणालीत तर तीही मिळत नाही.

पण त्याच कलमात एक अपवाद आहे, आणि मला तो फार मोलाचा वाटतो. अंगमेहनतीची कमाई मुलाची स्वतःची. कौशल्य, कला किंवा विशेष ज्ञान वापरून मिळवलेलीही त्याचीच. पेपर टाकणारा मुलगा, मालिकेतली बालकलाकार, लोगो करून देणारी अकरावीतली मुलगी, हे सगळे इथे स्वतंत्र करदाते आहेत. मोठ्यांइतकीच करमुक्त मर्यादा त्यांनाही मिळते.

मग व्याजाचं काय? ते पैसे पडून मिळालेले, हाताने कमावलेले नाहीत, हा कायद्याचा तर्क. मला तो पटत नाही. मुद्दल तिच्या कष्टाचं असताना व्यापारी बापांवरचा संशय तिच्या एफडीवर कशाला?

आणि क्लायंटने टीडीएस कापला असेल, तर तो परत मिळवायला तिच्याच पॅनवर विवरणपत्र भरावं लागतं, पालकाच्या सहीने. अज्ञानाच्या पॅन कार्डावर फोटो नसतो. अठरा पूर्ण झाल्यावर फोटो आणि सही देऊन कार्ड बदलून घ्यायचं.