पेशीचा सांगाडा आणि त्याचे कारभारी

सांगाडा म्हटला की तो अचल, असे आपण गृहीत धरतो. पेशीचा सांगाडा मात्र क्षणोक्षणी मोडतो आणि पुन्हा उभा राहतो. त्याचे एक प्रमुख द्रव्य म्हणजे ॲक्टिन हे प्रथिन. १९४२ साली, महायुद्ध पेटले असताना, हंगेरीतील सेगेड येथे सेंट-ड्यॉर्डी यांच्या प्रयोगशाळेत ब्रूनो श्ट्राउब यांनी ते स्नायूंतून वेगळे केले. ते केवळ स्नायूंचेच, ही समजूत पुढे ढळली. १९६६ साली हातानो व ओसावा या जपानी संशोधकांनी बुरशीसारख्या दिसणाऱ्या एका साध्या जीवातूनही ते मिळविले.

मग, श्रोतेहो, या कणांचे तंतू केव्हा व कोठे विणायचे, हे ठरवितो कोण? उत्तर इतर प्रथिनांत सापडले. प्रोफिलिन सुटे कण हाताशी ठेवते. कोफिलिन जुने तंतू तोडते. १९९४ साली मॅचेस्की व पोलार्ड यांनी अमीबात शोधलेला ‘आर्प २/३’ हा प्रथिनसमूह तंतूला नवी फांदी फोडतो. पण त्यालाही आज्ञा लागते. रक्तपेशींत ती आज्ञा देणारे प्रथिन जन्मतः सदोष असले, तर मुलाला विस्कॉट-ऑल्ड्रिच हा रोग जडतो. रक्तस्राव लवकर थांबत नाही, संसर्ग वारंवार होतो. अशा मुलाच्या पेशींत ॲक्टिन मुबलक असते. उणा असतो तो एक कारभारी.