खिशातलं आणि खुंटीवरचं

गेल्या महिन्यात पुतण्याचा फोन आला. तो रस्त्यांची कंत्राटं घेतो. म्हणाला, "काका, शस्त्र परवान्याचा अर्ज करतोय. अंगावर दिसणार नाही असं काहीतरी छोटं हवंय. रिव्हॉल्व्हर घेऊ की पिस्तूल? आणि गोळ्या कुठल्या चांगल्या? तुम्ही इतिहास शिकवलाय म्हणून विचारतोय."

आता काय सांगावं? खडू आणि छडी यापलीकडे दुसरं हत्यार मी उभ्या जन्मात हातात धरलं नाही. (छडीही शेवटची दहा वर्षं कपाटातच होती.) पण प्रश्न डोक्यातून जाईना. लपवून बाळगायच्या शस्त्राचा आपल्याकडचा इतिहास काय सांगतो, ते आठवत बसलो. तेच इथे लिहितो. घरच्या मंडळींनी शेवटपर्यंत वाचावं, कारण शेवटी थोडं घरचं आहे.

सुरुवात चाफेकर बंधूंपासून करू. 22 जून 1897 च्या रात्री पुण्यात गणेशखिंडीच्या रस्त्यावर दामोदर आणि बाळकृष्ण यांनी रँड आणि आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या. त्यांच्याकडे पिस्तुलं होती तशा तलवारीही होत्या. तलवारी घेऊन पळणं अवघड, म्हणून त्या एका दगडी मोरीखाली ठेवून दिल्या. मला हा तपशील फार बोलका वाटतो. जे लपवता येत नव्हतं ते मोरीखाली राहिलं आणि जे लपवता येत होतं ते बरोबर गेलं.

पुढच्या बारा वर्षांत हत्यार आणखी चपटं झालं. रिव्हॉल्व्हरमध्ये गोळ्यांची फिरती चकती असते, त्यामुळे त्याचं पोट फुगीर असतं आणि खिशावर उठून दिसतं. जॉन ब्राउनिंग या अमेरिकन माणसाने बेल्जियमच्या कारखान्यासाठी जे पिस्तूल बनवलं, त्यात गोळ्या मुठीतच एकावर एक बसतात. अशी वीस ब्राउनिंग पिस्तुलं सावरकरांनी 1909 साली लंडनहून चतुर्भुज अमीन यांच्या पेटीच्या चोरकप्प्यातून हिंदुस्थानात पाठवली. 1878 च्या शस्त्र कायद्याने इथल्या लोकांना परवान्याशिवाय हत्यार बाळगायची बंदी होती, म्हणून हा आडमार्ग.

त्यातलं एक अनंत कान्हेरे यांच्या हाती आलं. हा मुलगा औरंगाबादेत, म्हणजे आपल्या मराठवाड्यात शिकत होता. (त्या शहराचं नाव आता छत्रपती संभाजीनगर आहे.) 21 डिसेंबर 1909 रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात 'शारदा' नाटकाला आलेले कलेक्टर जॅक्सन त्यांच्या गोळ्यांना बळी पडले. कान्हेरे जागीच पकडले गेले. 19 एप्रिल 1910 रोजी ठाण्याच्या तुरुंगात ते, कर्वे आणि देशपांडे असे तिघे फासावर गेले. पिस्तुलांचा माग थेट लंडनपर्यंत पोहोचला आणि सावरकरांच्या अटकेचं ते एक मोठं कारण ठरलं.

तिसरी गोष्ट आपल्या शेजारच्या सोलापुराशी जोडलेली. 1930 साली तिथे मार्शल लॉ लागला आणि 12 जानेवारी 1931 रोजी धनशेट्टी, शिंदे, सारडा आणि कुर्बान हुसेन यांना येरवड्यात फाशी दिली गेली. तो राग मनात ठेवून वासुदेव बळवंत गोगटे या विद्यार्थ्याने 22 जुलै 1931 रोजी फर्ग्युसन कॉलेजच्या ग्रंथालयात हंगामी गव्हर्नर हॉटसनवर अगदी जवळून रिव्हॉल्व्हर झाडलं. हॉटसन वाचला. गोळी त्याच्या खिशातल्या पाकिटाच्या धातूच्या बटणावर आदळली, असं सांगतात. एवढ्या जवळून झाडलेली गोळी एका बटणाने अडवली!

या तिन्ही गोष्टींत लपवलेलं हत्यार हल्ल्यासाठी होतं. ते बाळगणाऱ्याचा जीव वाचावा हा हेतूच नव्हता. परत येता आलं नाही तरी चालेल, अशी तयारी ठेवून ती मुलं घराबाहेर पडली होती. पुतण्याला मात्र परत यायचंय. म्हणजे त्याच्या प्रश्नाला त्यांचा इतिहास लागू पडत नाही.

कुणी म्हणेल, मास्तर, वाघनखं विसरलात का? नाही विसरलो. तुळजापूरच्या पायथ्याशी राहून अफजलखान कसा विसरेन? पण 1659 ची ती भेट आठवा. खानाचा वार आधी अडवला तो अंगरख्याखालच्या चिलखताने. वाघनखं त्यानंतर.

आता घरचं. आमच्या आजोबांकडे ठासणीची बंदूक होती. ती ओसरीत खुंटीवर टांगलेली असे. रानडुकरं हाकलायला एखाद्या वेळी बार काढायचे तेवढंच. साऱ्या गावाला ती माहीत होती, आणि तिचा धाक आहे असं घरात सगळ्यांना वाटायचं. मग रझाकारांचा काळ आला. कासीम रझवी लातूरचा वकील, आणि लातूर तेव्हा आपल्याच जिल्ह्यात. 1948 च्या उन्हाळ्यात एका सकाळी त्यांची टोळी आली आणि न विचारता सरळ त्या खुंटीकडे गेली. धाक होता तोच पत्ता ठरला.

चारच दिवसांनी रात्री मागच्या दाराने पिंजारी चाचा आले. गावातल्या सगळ्यांच्या गाद्या तेच पिंजत. आजोबांना म्हणाले, "मालक, उद्या थांबू नका." त्याच रात्री गाडी जुंपून सगळे बार्शीला, सरहद्दीपलीकडे गेले. आमचे वडील तेव्हा सोळा वर्षांचे होते. घर वाचलं ते त्या तीन शब्दांनी.

13 सप्टेंबरला सोलापूरकडून फौजा आल्या, नळदुर्ग त्याच दिवशी घेतलं आणि 17 तारखेला निजाम शरण आला. आमची मंडळी गावी परतली. पिंजारी चाचांचं घर उघडं आणि रिकामं होतं. पोलीस कारवाईनंतर मुसलमानांवर जे अत्याचार झाले, त्यांची पाहणी करायला सुंदरलाल समिती आली होती. सर्वांत जास्त झळ पोहोचलेल्या चार जिल्ह्यांत तिने उस्मानाबादचं नाव लिहिलं. आपल्याच जिल्ह्याचं. चाचांना वेळेवर येऊन कुणी सांगितलं की नाही, ते आम्हाला कधीच कळलं नाही. हे सांगताना वडील दर वेळी इथे थांबत आणि पाणी मागत.

परवा पुतण्या घरी आला तेव्हा हे सगळं त्याला सांगितलं. कायद्याचंही बोललो. परवाना मिळाला तरी जत्रेत, मिरवणुकीत, शाळा-कॉलेजात हत्यार नेता येत नाही. म्हणजे नवरात्रात तुळजापूरला जाताना ते घरीच. लग्नात हौसेने बार काढला तर 2019 च्या दुरुस्तीनंतर तुरुंगही आहे. तो ऐकत होता. मग मी विचारलं, "धमकी आली हे घरी कुणाला माहीत आहे?"

नव्हतं. बायकोला नाही, भावाला नाही, पोलिसांतही तक्रार नाही. पिस्तूल अजून यायचं होतं, पण लपवणं आधीच सुरू झालं होतं.

मी म्हणालो, "बाळा, आधी सांग. मग काय घ्यायचं ते घे." दुसऱ्या दिवशी त्याने लेखी तक्रार दिली. सूनबाई दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही, पण आता रोज संध्याकाळी फोन करून कुठे आहात ते विचारते. अर्ज त्याने मागे घेतलेला नाही. तो त्याचा निर्णय आहे.

असो. भावकीतल्या कुणाला पिंजारी चाचांचं खरं नाव आठवत असेल, तर मला जरूर कळवा. आमच्या घरात ते कुणालाच सांगता येत नाही, याची मला लाज वाटते.