वैमानिकाचा शब्द आणि यंत्राचे कान

मळणीयंत्र धडधडत असताना पलीकडच्या गड्याशी बोलून पाहा. तो माणूस असूनही निम्मे शब्द त्याच्या कानी पडत नाहीत. मग लढाऊ विमानाच्या घरघराटात, तोंडावर प्राणवायूचा मुखवटा चढवलेल्या वैमानिकाचे बोलणे एखाद्या यंत्राला कळावे तरी कसे?

यंत्राला बोलणे समजावण्याची खटपट जुनी आहे. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेने १९५२ साली ‘ऑड्री’ नावाचे यंत्र बनवले. त्याला फक्त सुटे अंक समजत, तेही ओळखीच्या आवाजातले. १९६२ साली सिॲटलच्या जागतिक प्रदर्शनात आय. बी. एम.चे ‘शूबॉक्स’ यंत्र मांडले होते. त्याची मजल सोळा शब्दांपर्यंत गेली.

इकडे विमानांचा वेग वाढला, वैमानिकापुढची बटणेही वाढली. दोन्ही हात गुंतलेले, डोळे आकाशाकडे. मोकळी उरली ती जीभ! म्हणून १९८० नंतर लवकरच अमेरिकेने एका एफ-१६ विमानात तोंडी हुकमांचे प्रयोग केले.

गोंगाटाची अडचण होतीच. पण विमान झपाट्याने वळले, की वैमानिकाचे अंग कित्येक पट जड होते, छाती दाबली जाते, धाप लागते आणि आवाज बदलतो. म्हणजे मदतीची निकड मोठी, तेव्हाच यंत्र गोंधळात पडणार! स्वीडनच्या ग्रिपेन विमानासाठी झालेल्या अभ्यासात हेच आढळले. मात्र धापेचा आवाज कसा असतो हे यंत्राला शिकवल्यावर चुका कमी झाल्या.

ब्रिटन, जर्मनी, इटली व स्पेन यांचे ‘युरोफायटर टायफून’ विमान १९९४ साली प्रथम उडाले. त्यात ही सोय आहे. प्रत्येक वैमानिक आधी आपल्या आवाजाची ओळख यंत्राला करून देतो. शब्द ठरावीक असतात. हुकूम ऐकला, की यंत्र पडद्यावर दाखवून वा आवाज करून तशी खूण देते. पण अस्त्र सोडणे आणि चाके खाली घेणे ही कामे आवाजावर सोपवलेली नाहीत. ती वैमानिक हातानेच करतो. ऐकण्यातली चूक दुरुस्त करता येते. सुटलेला बाण माघारी येत नाही.

गुरुजी, वर्गात हा विषय निघाला तर फळ्यावर दोन रकाने आखा: यंत्रावर सोपवावीत अशी कामे आणि सोपवू नयेत अशी. ते मुलांनाच भरू द्या. कोणते काम कुठे आणि का, यावर ती आपसात वाद घालतील. तो जरूर घालू द्या.