इंजिन बदललं, पण आरसीचं काय?

मराठवाड्यातलं आमचं पूर्णा गाव रेल्वेनं वसवलं असं म्हटलं तर नदीकाठची जुनी घराणी रागावतील. पण गावाला हात काळे करायला शिकवलं ते रेल्वेनंच. निजामाच्या मुलखातली हैदराबाद ते मनमाड ही छोटी लाईन विसाव्या शतकाच्या तोंडावर पुरी झाली, पुढं हिंगोलीकडचा फाटा फुटला आणि पूर्णेचं जंक्शन झालं. लोकोशेड आलं, रेल्वे कॉलनी आली, भोंग्यावर घड्याळं लावणारी माणसं आली. माझे वडील त्या शेडमध्ये फिटर होते. मी मात्र रस्त्याच्या कडेला दुकान टाकलं: डायनॅमो, सेल्फ, आर्मेचर, वायरिंग, बॅटरी. म्हणून एका गोष्टीच्या दोन्ही बाजू मी घरातच पाहिल्या. यंत्रात बदल करणारे हात आणि त्या बदलाला मंजुरी देणारा कागद, या त्या दोन बाजू.

वडिलांच्या शेडमध्ये शिस्त कडक. इंजिनातल्या साध्या पाइपची जागा बदलायची म्हटली तरी वरून ड्रॉइंग यावं लागे. बॉयलरची ठरलेल्या मुदतीत पाण्याच्या दाबावर चाचणी व्हायची, तारीख लिहिली जायची, आणि तारीख उलटलेलं इंजिन कितीही धडधाकट असलं तरी बाहेर पडत नसे. रेल्वे सुरक्षा आयुक्तांनी पाहणी करून मान्यता दिल्याशिवाय नव्या रुळांवर प्रवासी गाडी धावत नाही, हा नियम तर सगळ्यांना ठाऊक. नव्वदच्या दशकात मोठी लाईन आली तेव्हा आणि २००८ मध्ये अकोल्याकडची लाईन मोठी झाली तेव्हा सारं गाव त्या पाहणीकडे डोळे लावून बसलं होतं. ‘साहेबांची ट्रॉली गेली का?’ हा तेव्हाचा रोजचा प्रश्न.

रस्त्यावरचा कारभार त्या मानानं सैल. मराठवाड्यात सरकारी बससुद्धा आधी रेल्वेचीच होती. निजाम स्टेट रेल्वेनं १९३२ मध्ये २७ बस घेऊन रस्ते वाहतूक खातं सुरू केलं. पुढं महायुद्धात पेट्रोलचं रेशनिंग झालं आणि देशभर मोटारींच्या पाठीवर कोळशाच्या भट्ट्या चढल्या. कोळसा अर्धवट जाळायचा, त्यातून निघालेला वायू गाळून इंजिनात सोडायचा. गाडी मूळ पेट्रोलची, चालायची कोळशावर. चढ आला की प्रवासी खाली उतरत, असं जुनी माणसं सांगायची. इंधन बदलण्याचा हा उद्योग विजेपासून सुरू झालेला नाही, तो ऐंशी वर्षं जुना आहे.

माझ्या उमेदीच्या काळात बदल म्हणजे डिझेल. पेट्रोलची जीप परवडेना, मग तिच्यात डिझेल इंजिन घालायचं. अँबेसेडरमध्ये मॅटाडोरचं इंजिन बसवणं ही तर मिस्त्री लोकांची हातखंडा करामत होती. माउंटिंगला नवे कान वेल्ड करायचे, प्रोपेलर शाफ्ट कापून जोडायचा, रेडिएटर पुढं सरकवायचा. काळीपिवळी चालवणाऱ्यांचं आयुष्य अशाच इंजिनांवर निघालं.

आणि मग पासिंग. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात आणि १९८८ च्या कायद्याच्या मूळ कलम ५२ मध्ये वाट सरळ होती. करायचा बदल कळवायचा, परिवहन कार्यालयाची मंजुरी घ्यायची, गाडी दाखवायची आणि आरसी बुकात नवा इंजिन नंबर चढवून घ्यायचा. मूळ कलमात तर असं होतं की अर्ज पोचल्यापासून सात दिवसांत कार्यालयानं टपालानं उत्तर द्यावं. उत्तर आलं नाही तर मंजुरी मिळाली असं समजावं. आज हे वाचताना डोळे चोळावे लागतात.

या पासिंगमधलं एक काम आमच्या दुकानाकडे यायचं, चेसिसचा ठसा घेण्याचं. चेसिसवर खोदलेला नंबर बहुतेक गंजाखाली दडलेला असतो. रॉकेलच्या बोळ्यानं आणि पॉलिश पेपरनं तो उघडा करायचा, त्यावर पातळ कागद ताणून धरायचा आणि शिसपेन्सिल आडवी धरून हलक्या हातानं घासायची. काळ्या पट्टीत पांढरे आकडे उमटतात. एखादा आकडा अर्धवट आला तर साहेब ठसा परत करायचे, कारण तीनचा आठ व्हायला वेळ लागत नाही. हा कागद फॉर्मला चिकटला की गाडीला जणू नवा जन्मदाखला मिळे.

मग गॅस आला. घरगुती लाल सिलिंडर व्हॅनमध्ये मागं ठेवायचा, साधा रेग्युलेटर, रबरी नळी, आणि गाडी चालू. हा प्रकार महाराष्ट्रभर चालायचा आणि भीषण होता. कायदा मागून आला. २००० मध्ये मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली, २००१ मध्ये वाहनांतल्या एलपीजीच्या वापरासाठी केंद्राचा आदेश निघाला. मान्यताप्राप्त किट, शिक्का असलेली टाकी, अधिकृत फिटमेंट सेंटर, त्याचं प्रमाणपत्र, मग आरसीवर नोंद. २००० च्या त्या दुरुस्तीनं कलम ५२ चा चेहराही बदलला. उत्पादकानं दिलेल्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल मालकानं करूच नये, असं नवं वाक्य आलं. सवलत उरली ती परवानगीनं त्याच बनावटीचं इंजिन बदलायला आणि मान्य किट लावून इंधन बदलायला.

इथं मोठी गोष्ट घडली आणि आम्हा मिस्त्रींना ती तेव्हा उमगली नाही. पूर्वी अधिकारी समोरची गाडी तपासायचा. आता कारखान्यातून आलेलं किट तपासलं जाऊ लागलं. मंजुरी गाडीकडून किटकडे गेली.

विजेची पाळी आली तेव्हा हाच साचा वापरला गेला. पुण्याच्या केपीआयटीनं २०१० मध्ये ‘रेव्होलो’ नावाची यंत्रणा जाहीर केली. जुन्या पेट्रोल गाडीला मोटर आणि बॅटरी जोडून ती हायब्रिड करायची. तंत्र तयार होतं, पण अशा गाडीला पास कसं करायचं याचा नियमच नव्हता. वर्षं गेली. कंपनीनं पुढं बसवर लक्ष दिलं आणि डिसेंबर २०१५ मध्ये तिच्या तंत्रावर चालणारी, रूपांतरित केलेली विजेची बस पंतप्रधानांच्या हस्ते संसदेला मिळाली. चावी स्वीकारायला लोकसभेच्या अध्यक्ष सुमित्रा महाजन होत्या. गाड्या विजेवर नेण्याचा सविस्तर नियम त्यानंतर, जून २०१६ मध्ये आला.

त्या नियमाला जोडून एआयएस-१२३ हे मानक आहे. त्याचा तिसरा भाग पूर्ण विजेवर नेलेल्या गाड्यांसाठी. किट बनवणाऱ्यानं नमुना गाडी घेऊन मान्य चाचणी संस्थेकडे जायचं. आपल्या राज्यात पुण्याची एआरएआय, भोसरीची सीआयआरटी आणि नगरची व्हीआरडीई या त्या संस्था. ब्रेक, चढ चढण्याची ताकद, ॲक्सलवरचं वजन, विजेचा झटका बसणार नाही याची खात्री, बॅटरीची सुरक्षितता हे सगळं तपासलं जातं. प्रमाणपत्र ठरावीक मॉडेलांपुरतं आणि ठरावीक मुदतीचं मिळतं. गाडी १ जानेवारी १९९० नंतर बनलेली हवी आणि बसवणारा किट कंपनीनं नेमलेलाच हवा. मग आरसीवर इंधनाच्या रकान्यात ‘इलेक्ट्रिक’ येतं आणि हिरवी नंबर प्लेट मिळते. या वाटेनं हैदराबादच्या ई-ट्रायोनं अल्टो, वॅगनआरसारख्या मोटारींचं किट आणलं. ठाण्याच्या गोगोए-वननं हिरो स्प्लेंडरचं आणलं, सुमारे ३५ हजारांना, बॅटरी वेगळी.

कंपन्यांची सोय झाली. घरी गाडी बनवणाऱ्याचं काय?

आमच्या ओळखीच्या एका गुरुजींची मारुती ८०० होती. नवी गाडी घ्यायची नाही, हीच विजेवर करू, असा त्यांचा हट्ट. भाच्याला हाताशी धरून मी काम घेतलं. इंजिन उतरवलं, गिअरबॉक्स तसाच ठेवला. जुन्या बॅटरीवाल्या फोर्कलिफ्टची मोटर मिळवली. तिचा शाफ्ट आणि गिअरबॉक्स जोडायला लेथवर फ्लँज कातून घेतला. खरी मेख यातच आहे, मध्य केसभर चुकला तरी बेअरिंग रडायला लागतं. दुसरी मेख ब्रेकची. बूस्टर इंजिनातल्या पोकळीवर चालतो. इंजिन गेलं की पोकळी गेली आणि पेडल दगडासारखं होतं. त्यासाठी विजेवरचा व्हॅक्युम पंप बसवावा लागला. गाडी दुकानामागच्या अंगणात फिरली, तीही आवाज न करता. गुरुजींच्या पत्नींनी नारळ फोडला.

मग गुरुजी कागद घेऊन एका परिवहन कार्यालयात गेले. खिडकीवरच्या माणसानं शांतपणे विचारलं, “किट कोणत्या कंपनीचं? अप्रूव्हल नंबर?”

“किट नाही, आम्हीच केलंय.”

“गुरुजी, मग ते रकान्यात बसत नाही.”

तो माणूस उद्धट नव्हता आणि चुकतही नव्हता. त्याच्यासमोरच्या फॉर्ममध्ये आम्ही नव्हतोच. जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या जयचंद्र प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानंही मूळ तपशिलाविरुद्ध केलेले बदल नोंदवता येणार नाहीत असं स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं विनापरवाना बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागं पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आली. एका गाडीसाठी मोठ्या चाचण्यांचा खर्च करणं गुरुजींच्या पेन्शनीच्या पलीकडचं. आम्ही मोटर उतरवली आणि पेट्रोल इंजिन परत बसवलं.

सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या एका कारागिरानं भंगारातून किक मारून सुरू होणारी छोटी जीप बनवली, हे २०२१ च्या डिसेंबरात सगळ्यांनी मोबाइलवर पाहिलं. उद्योगपती आनंद महिंद्रांनी कौतुक केलं आणि त्याच वेळी नियमात बसत नाही म्हणून ही गाडी थांबवली जाईल असंही लिहिलं. त्यांनी बदल्यात बोलेरो दिली. मनाचा मोठेपणा खरा, पण पासिंग काही झालं नाही.

नियम नकोत असं माझं म्हणणं नाही. २०२२ च्या उन्हाळ्यात पेटलेल्या विजेच्या स्कूटर कंपन्यांच्याच होत्या आणि त्यानंतर बॅटरीचे निकष कडक झाले ते योग्यच झालं. विजेचं काम जन्मभर केलेला माणूस डीसी करंटला हसत नाही. रेल्वेनंही वाराणसीच्या कारखान्यात जुनी डिझेल इंजिनं विजेवर नेली आणि २०१९ मध्ये त्यांना हिरवा झेंडा मिळाला; पण रेल्वेकडे स्वतःचं संशोधन खातं आहे. मिस्त्रीकडे काय आहे?

वाट काढता येते, हे आपल्याच कायद्यानं दाखवलंय. ई-रिक्षा आधी रस्त्यावर आल्या. जुलै २०१४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं त्या थांबवल्या, काही महिन्यांत नियम बदलले, पुढच्या वर्षी कायदा बदलला आणि छोट्या कारागिरांच्या नोंदणीकृत संघटनेला आपल्या सभासदांसाठी एकच नमुना तपासून घेण्याची सोय झाली. न्यूझीलंडमध्ये तर घरी बदललेली एकेक गाडी मान्यताप्राप्त तपासनीस पाहतो, पास झाली तर तिच्यावर तशी पट्टी ठोकतो. म्हणजे आपली जुनीच पद्धत, फक्त तपासणारा जाणकार. नांदेडला विष्णुपुरीचं अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, आयटीआय तर जागोजागी आहेत. ब्रेक, वजन, इन्सुलेशन आणि बॅटरीची पेटी तपासायला अशा ठिकाणी अधिकृत तपासनीस नेमावेत, फी घ्यावी, वेगाची मर्यादा घालावी, नापास गाडीला नापास म्हणावं. एका गाडीचा अर्ज घेणारी खिडकी उघडावी, एवढीच मागणी आहे.

ती उघडेपर्यंत माझ्या गिऱ्हाइकांना जे सांगतो तेच वाचकांना सांगतो. किट घेण्याआधी प्रमाणपत्र मागा, त्यावर तुमच्या मॉडेलचं नाव आणि चालू मुदत आहे का ते पाहा, बसवणाऱ्याचं नेमणूकपत्र पाहा, विमा कंपनीला लेखी कळवा. आणि आरसीवर ‘इलेक्ट्रिक’ असं छापून हातात पडेपर्यंत शेवटचा हप्ता देऊ नका.